आधी मोजला, मग आला

यशवंता, ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आधी नोकरी होती म्हणून, मग निवृत्तीचे कागद अडकतील म्हणून, मग आता कुणाला त्यात रस असणार म्हणून. तू अंथरुणाला खिळलास तेव्हा तर फार सोयीचं कारण मिळालं: आजारी माणसाला कशाला त्रास! आता तू गेलास आणि माझ्याकडची सगळी कारणं संपली.

परवा पारनेरला तुझ्या पुण्यानुमोदनाला आपल्या संगणक केंद्रातले सहा-सात म्हातारे जमलो होतो. विहारासमोर मांडव होता. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. हिशेब विभागातले कदमही उठले. तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले आणि शेवटी लोकांना जरा हलकं वाटावं म्हणून म्हणाले, "साळवे म्हणजे दिलदार माणूस. आयुष्यात एकदाच काय ती गफलत झाली त्यांच्या हातून. त्यांच्या कॉम्प्युटरात ऊस आधी मोजला जायचा आणि मग कारखान्यात यायचा!"

सगळे हसले. तुझी प्रज्ञाही हसली. बापाबद्दल कुणीतरी मायेनं काहीतरी सांगतंय, एवढंच तिला कळलं होतं. मी सतरंजीवर गुडघे धरून बसलो होतो. 

निघताना ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काका, बाबांचं नेमकं काय चुकलं होतं? मी पुण्यात रोज हेच काम करते. जुन्या मेनफ्रेमवरच्या तारखा नव्या यंत्रणेत न्यायचं. घरी कितीदा विचारलं, ते नुसते हसायचे."

मी म्हणालो, "सांगतो पुढच्या वेळी."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं पुढच्या वेळी म्हणावं!

घरी आलो तर निवृत्त कर्मचारी संघटनेच्या अंकासाठी निरोप आलेला: साळवेंवर चार चांगले शब्द लिहून द्या. चांगले शब्द कदमांनी बोलून झालेत. मी उरलेले लिहितो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ते मी पाळणार आहे. मी जिवंत माणसाबद्दल बोलणार आहे.

यातलं पुष्कळसं तुला माहीत आहे. वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.

नगरच्या एमआयडीसीत आपलं संगणक केंद्र होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकाच्या थंडगार खोलीत आपण स्वेटर घालून बसलेलो. चहाला बाहेर पडलो की टपरीवाला विचारायचा, "काय साहेब, शिमल्याहून आला का?" आपण दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलो. त्या मेनफ्रेमची कोबोल भाषा तुला माझ्यापेक्षा लवकर आली आणि मला बढती तुझ्यापेक्षा लवकर मिळाली. मी विभागप्रमुख झालो तेव्हापासून तू ऑफिसात मला "साहेब" म्हणायला लागलास आणि टपरीवर "रघ्या". दोन्ही हाका तू सारख्याच खवचटपणे मारायचास.

तू गरीब बिचारा नव्हतास, हे मुद्दाम लिहितो, कारण परवा सगळ्यांनी तुला तसंच करून टाकलं. तू भांडखोर होतास. स्वतःच्या प्रोग्रामवर खूश होऊन स्वतःच टाळी वाजवायचास. माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचास आणि वर नावं ठेवायचास. "रघ्या, तुमच्या घरी मीठ रेशनवर मिळतं का रं?" आणि तुझ्या घरून हुलग्याची शेंगोळी आली की डबा छातीशी धरून बसायचास.

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचं काम आपल्याकडे होतं. उसाचं वाहन फाटकातून आत कधी आलं आणि वजनकाट्यावर कधी मोजलं, या दोन्ही नोंदी आपल्याकडे यायच्या. प्रत्येक नोंदीत तारखेचा रकाना वेगळा आणि वेळेचा वेगळा. वर्षाला दोनच आकडे, कारण आपण जेव्हा ते रकाने आखले तेव्हा जागा वाचवायची होती आणि दोन हजार साल फार लांब होतं. ते साल जवळ आलं तसं नवीन यंत्रणा आणायचं ठरलं. नव्या यंत्रणेला तारीख आणि वेळ वेगवेगळी चालत नव्हती. तिला दोन्ही जोडून एकच टाइमस्टॅम्प हवा होता: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, वर सेकंदाचे तुकडे. जुन्या सगळ्या नोंदी आणि रोज येणाऱ्या नव्याही तशा करून द्यायच्या होत्या. ते काम तुझ्याकडे आलं. तारखेपुढे वेळ सरळ जोडून टाक, एवढंच मी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी ती लांबलचक पट्टी बघून तू हसत सुटलास. "सेकंदाचा लाखावा भाग मागतंय राव हे! तिकडं ट्रॅक्टर दोन दोन दिवस रांगेत उभा ऱ्हातोय, डायव्हर खाली झोपतोय, आन याला लाखावा भाग पायजे."

मग तू चार दिवस श्रीगोंद्याला जाऊन बसलास. तुला कुणी पाठवलं नव्हतं. परत आलास ते टपरीवर मला ओढतच घेऊन गेलास.

"रघ्या, घोळ हाय. काट्यावरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हतो."

मला आधी कळलं नाही. तू बशीतला चहा तसाच ठेवून समजावलंस. कारखान्याच्या पाळ्या चारला बदलतात, म्हणून कारखान्याचा दिवस पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार. रात्री दोनला मोजलेला ऊस आदल्या दिवसाच्या गाळपात धरतात, म्हणून काटा कारकून पावतीवर आदल्या दिवसाची तारीख टाकतो. त्यात काही गैर नाही, बापजाद्यांपासून असंच चालू आहे. पण फाटकावर सगळे निवृत्त फौजी. नगरच्या छावणीतून रिटायर झालेले. त्यांचा दिवस रात्री बाराला बदलतो, आणि तो बदलायला त्यांना चेअरमनची परवानगी लागत नाही.

"म्हंजी बघ," तू म्हणालास, "गाडी रात्री एकला आत आली. फौजीनं बारा तारीख लिवली. दोनला काट्यावर गेली. कारकुनानं अकरा लिवली. दोघंबी खरे. जवर रकाने येगळे हायेत तवर कुणाचं काय बिघडत न्हाई. पन तू म्हन्तोस तसं सरळ जोडलं, तर गाडी अकराच्या रात्री दोनला मोजली आन बाराच्या रात्री एकला आत आली. म्हंजी उसाचं भूत मोजलं का आमी?"

उपायही तू सांगितलास. काट्यावरची वेळ बारा ते चारच्या मधली असेल तर तारखेत एक दिवस वाढवायचा, आणि कारखान्याची तारीख वेगळ्या रकान्यात तशीच ठेवायची.

मी नाही म्हणालो.

का नाही म्हणालो ते इथे नीट लिहितो, कारण हाच आपला न संपलेला वाद आहे. मला भीती होती जुळणीची. जुन्या यंत्रणेतलं रोजचं गाळप आणि नव्यातलं तंतोतंत जुळलं पाहिजे, अशी अट होती. तू तारखा हलवल्यास आणि बेरजा इकडच्या तिकडे झाल्या तर उत्तर मला द्यावं लागणार होतं. वेगळा रकाना घालायचा तर आराखडा बदलणार, पुन्हा सगळ्यांच्या सह्या, पुन्हा बैठका. मी म्हणालो, "लोकांनी जे लिहून दिलंय ते आपण दुरुस्त करायचं नाही. आपण हमाल. पोतं उचलायचं आणि पलीकडे ठेवायचं. आत काय आहे ते बघायचं नाही."

तू म्हणालास, "तारीक आन येळ सुट्या असतात तवर त्या नुसत्या नोंदी. जोडल्या की ती साक्ष व्हती. खोटी साक्ष देणारा प्रोग्राम मी लिवू का?"

"लिही," मी म्हणालो. "हा माझा आदेश समज."

"लेखी दे."

"टपरीवर लेखी मागतोस?"

तू हसलास. मीही हसलो. टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. म्हणजे हे बोलणं जगात फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं, आणि तू गेलास तेव्हा फक्त मला उरलं. मी गप्पच राहिलो तर माझ्यानंतर कुणालाच राहणार नाही. तेव्हा राहील ते एवढंच, कदम सांगतात ते.

आणखी एक कबूल करतो. भीती ही अर्धीच गोष्ट होती. तू मला न विचारता श्रीगोंद्याला गेलास, ते मला खुपलं होतं. विभागप्रमुख मी होतो आणि कारखान्याचा दिवस कधी उजाडतो ते मला माहीत नव्हतं. मी तिथे कधी गेलोच नव्हतो.

तू सरळ जोडून दिलंस. नवी यंत्रणा सुरू झाली आणि पहिले काही दिवस कारखान्यात आनंदीआनंद होता, कारण वाहनांचा रांगेतला वेळ एकदम कमी दिसायला लागला. रात्रीची प्रत्येक गाडी एक दिवस आधी मोजली जात होती, वेळ कमी होणारच! एका संचालकानं तर सभेत त्याचं श्रेय घेतलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काही गाड्यांचा रांगेतला वेळ उणे येतोय. आत येण्याच्या आधीच मोजलेल्या गाड्या! त्याही सगळ्या रात्रपाळीच्या. बोगस वजनं, बोगस वजनं, अशी बोंब उठली. काटा कारकुनांना घेराव पडला. त्यांनी पावत्या दाखवल्या, फाटकावरच्या फौजींनी त्यांची नोंद दाखवली, आणि दोघेही खरे आहेत हे अर्ध्या दिवसात कळलं. मग खोटं कोण? मग कॉम्प्युटर. मग साळवे.

चौकशीला तिघे जण आले होते. मला आधी बोलावलं. त्यातल्या एकानं विचारलं, "हा प्रोग्राम कुणी लिहिला?"

"साळवे यांनी," मी म्हणालो.

हे खरं होतं. मी त्या खोलीत एक शब्दही खोटा बोललो नाही, यशवंता. याच वाक्याच्या आडोशाला मी पुढची सगळी वर्षं राहिलो. कुणी म्हणालं तू खोटं बोललास, तर मी छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकलो असतो.

दुसरा म्हणाला, "इतकं जोखमीचं काम यांच्याकडे दिलंच कसं?" त्या "यांच्याकडे" चा अर्थ त्या खोलीत प्रत्येकाला कळला. मलाही कळला. चूक तुझी नव्हती हे मला माहीत होतं, आणि तुझ्या माथी ती इतक्या सहज का बसतेय तेही माहीत होतं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो.

मग तुला आत बोलावलं. तू उभाच राहिलास. कुणी बस म्हणालं नाही.

"तुम्हाला हे आधी लक्षात आलं नाही का?"

"आलं हुतं. मी विचारलं हुतं."

"कुणाला?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, विनवणीनंही नाही. बसस्टँडवर आपल्यातला जो आधी चढायचा तो मागच्यासाठी जागा धरायचा, तसं तू माझ्यासाठी जागा धरून थांबलास.

मी ग्लास उचलून पाणी प्यायलो.

"सोडा," तू म्हणालास. "माझंच ऱ्हायलं आसंल."

ती दुरुस्ती त्याच आठवड्यात तूच केलीस. वेळ चारच्या आतली असेल तर एक दिवस मिळवा. दोन-तीन ओळी. मग तुला छपाईच्या खोलीत बसवलं. प्रोग्राम लिहिणारा माणूस लांबच लांब छापील कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसला. तिथेही तू गप्प बसला नाहीस. पट्ट्यांच्या माळा करून शिपायाच्या गळ्यात घालायचास. लोक येता-जाता म्हणायचे, "काय साळवे, आधी मोजला, मग आला?" तू म्हणायचास, "व्हय, तुमची तिरडीबी आधी मोजून ठेवलीया, या सावकाश." मी माझ्या काचेच्या केबिनमधून हे बघायचो आणि फाईल उघडायचो.

वर्ष सरायच्या आत तू राजीनामा दिलास आणि पारनेरला बाजारपेठेत संगणकाचा क्लास काढलास. प्रज्ञा परवा सांगत होती, क्लासचा पहिला धडा ठरलेला असायचा. कीबोर्ड नाही, माऊस नाही. "तारीख हातात घेण्याआधी विचारा, हिचा दिवस कधी उजाडतो?" पोरं म्हणायची, सर, बाराला. तू म्हणायचास, "कुणाच्यात?" तिनं ते वाक्य तिच्या पुण्याच्या टेबलावर चिकटवून ठेवलंय. कुठून आलंय ते तिला माहीत नाही.

मला तुझी कीव येत नाही. तू चांगला जगलास. चांगलं शिकवलंस. माझ्या मुलाच्या लग्नाला आलास, पंगतीत वाढलंस, आणि त्या विषयाचा चकार शब्द काढला नाहीस. लोक म्हणतील, त्यानं माफ केलं होतं, तुम्ही कशाला उकरताय? संघटनेच्या अध्यक्षांनी काल फोनवर हेच म्हटलं. मी त्यांना सांगितलं, साळवेंनी मला कधी माफ केलं नाही, कारण मी कधी मागितलंच नाही. न मागितलेली माफी गृहीत धरायची हा आमच्यासारख्यांचा जुना धंदा आहे. ते म्हणाले, "अंकात जरा सौम्य करू या." मी म्हणालो, छापायचं तर अख्खं छापा, नाहीतर ठेवून द्या. मी झेरॉक्स काढून पारनेरच्या बाजारात वाटीन. काठी टेकत वाटीन. आता माझी बढती कोण अडवणार आहे?

प्रज्ञाला आज सकाळी फोन केला. सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "म्हणजे बाबांचं काही चुकलं नव्हतं."

"नाही."

"मग मी हसले का परवा?"

मग मी कदमांनाही फोन केला. ते म्हणाले, "अहो, विनोद होता तो." मी म्हणालो, "कदम, तो विनोद माझ्यावर होता. यापुढे सांगाल तेव्हा माझं नाव घालून सांगा." त्यांनी फोन ठेवला. ठेवू दे.

आता शेवटची भेट. ती लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही.

गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे आलो ते ठरवून आलो होतो. एसटीत बसून वाक्य पाठ केलं होतं. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास. हात सुया टोचून काळेनिळे झालेले. मला बघून म्हणालास, "या साहेब. मीठ आणलं का?"

मी तोंड उघडलं आणि तू मध्येच म्हणालास, "रघ्या, एक सांग. आजूनबी तुझं तेच का रं? लोकांनी जे दिलं तेच जोडायचं?"

आणि मी वाद घालायला लागलो. खरंच सांगतो, फार चांगला वाद घातला. म्हणालो, मूळ नोंदीला हात लावायचा अधिकार प्रोग्राम लिहिणाऱ्याला नाही. आज एक दिवस वाढवशील, उद्या आणखी कुणी आणखी काही वाढवेल, मग खरी नोंद कुठली? तू म्हणालास, मूळ ठेवायचीच, बाजूला ठेवायची, पण साक्ष द्यायची ती खरीच द्यायची. मी म्हणालो, खरी कुठली ते ठरवणार कोण? तू म्हणालास, जो जाऊन बघंल तो. तुझ्या अंगात जरा जोर आला होता. तास कसा गेला कळलं नाही. अजूनही मला वाटतं की मूळ नोंदीबद्दल माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तू असतास तर आत्ता या वाक्यावरही भांडला असतास.

मग मी उठलो. दाराशी चपला घालत होतो. मागून तुझा आवाज आला, "काय बोलायचं ऱ्हायलं का रं?"

तुला माहीत होतं. तू पुन्हा एकदा जागा धरून थांबला होतास.

मी म्हणालो, "नाही रे. एसटी चुकेल."

एसटी अर्धा तास उशिरा आली. तो अर्धा तास मी फाट्यावर उभा होतो. तुझं घर तिथून दिसत होतं. चालत गेलो असतो तरी जाऊन येऊन वेळ उरला असता.

गेलो नाही. म्हणून ते पाठ केलेलं वाक्य इथे, सगळ्यांदेखत, उशिराच्या तारखेनं:

यशवंता, तू विचारलं होतंस. मला विचारलं होतंस. मी नको म्हणालो होतो, आणि त्या खोलीत तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी पाणी प्यायलो. माझं चुकलं. मला माफ कर.